धर्म : निरंक

प्रति,
मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : कोणताही धर्म न मानणाऱ्या नागरिकांची सरकारी दारी होणारी अडवणूक

महोदय,

अर्जातल्या धर्माच्या रकान्यात ‘निरंक’ लिहू द्या, एवढ्या साध्या मागणीसाठी हे पत्र जाहीरपणे लिहावे लागत आहे. या रकान्याचा निकाल खरे तर २३ सप्टेंबर २०१४ रोजीच लागला. शासकीय मुद्रणालयाने ‘कोणताही धर्म नाही’ अशी नोंद राजपत्रात छापायला नकार दिला, म्हणून काही नागरिक मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. न्या. अभय ओक आणि न्या. अतुल चांदूरकर यांच्या खंडपीठाने स्पष्ट सांगितले की, घटनेच्या अनुच्छेद २५ मधल्या सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात ‘मी कोणताच धर्म मानत नाही’ असे म्हणण्याचे स्वातंत्र्यही येते. कोणत्याही अर्जात धर्म सांगण्याची सक्ती शासनाच्या कोणत्याही यंत्रणेला करता येणार नाही, हेही त्यांनी सांगितले. त्या खटल्यात राज्य सरकार प्रतिवादी होते, तेव्हा मंत्रालयाला निकाल ठाऊक नाही असे म्हणता येत नाही. खिडकीवरच्या कारकुनाला मात्र तो ठाऊक नसतो. त्याच्यापुढच्या संगणकाला तर नसतोच.

आम्हाला समाजाने स्वीकारावे असा शासन निर्णय काढता येत नाही, आणि आम्ही तो मागतही नाही. गोपाळ गणेश आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणाऱ्या गावात पुढे त्यांच्याच नावाने रस्ते आणि संस्था झाल्या. समाज आपल्या गतीने बदलतो. पण नातेवाईक, शेजारी, मुख्याध्यापक, पोलीस पाटील ही मंडळी आमच्याशी कसे वागायचे हे बरेचसे सरकारी कागद पाहून ठरवतात. ज्याच्या म्हणण्याची नोंद सरकारच घेत नाही, त्याचे म्हणणे घरात ‘खूळ’ ठरते आणि शाळेत ‘आगाऊपणा’. म्हणून आमच्या तक्रारी श्रद्धेबद्दल नाहीत, कामकाजाबद्दल आहेत.

रकाना

गाडी अडते ती जन्मापासून. जन्माच्या अहवालातल्या सांख्यिकी भागात कुटुंबाचा धर्म विचारतात. पुढे शाळाप्रवेशाच्या अर्जावर तोच प्रश्न येतो. तिथले उत्तर जनरल रजिस्टरला चढते, रजिस्टरवरून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते, आणि तो दाखला माणसाला आयुष्यभर पुरतो. जनरल रजिस्टरातली नोंद नंतर बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. त्यामुळे पहिल्या दिवशी काय लिहिले जाते याला फार महत्त्व आहे.

त्या दिवशी चूक साधारण तीन प्रकारे होते. संगणकातला रकाना सक्तीचा असतो आणि यादीत ‘धर्म नाही’ हा पर्याय नसतो. ऑपरेटरला अर्ज पुढे ढकलायचा असतो, म्हणून तो यादीतले पहिले नाव निवडून मोकळा होतो. दुसरा प्रकार, पालक रकाना कोरा सोडतात आणि कारकून आडनाव बघून भरतो. तिसरा प्रकार सुशिक्षितांच्या बाबतीत घडतो. ते ‘इतर’ निवडतात, आणि ‘इतर’ म्हटले की संगणक लगेच त्या इतर धर्माचे नाव मागतो. तिन्ही प्रकारांत कोणाचा वाईट हेतू नसतो. नमुनाच तसा आखलेला आहे.

दुसऱ्या राज्यांत यावर मार्ग निघाले आहेत. तमिळनाडूतल्या तिरुपत्तूर इथल्या एका महिला वकिलाला २०१९ मध्ये तहसीलदारांनी ‘जात नाही, धर्म नाही’ असा दाखला दिला. तेलंगणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये जन्मनोंदणीच्या अर्जात तसा रकाना ठेवण्याचे निर्देश दिले. आपल्याकडे तर निकाल त्या दोन्हींच्या आधीचा आहे.

इथे एक गोष्ट सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ‘धर्म सोडायचा तर सोडा, अडवतो कोण?’ असे विचारणारे तिच्याकडे पाहत नाहीत. निरंक लिहिण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. खुल्या प्रवर्गातल्या माणसाचे त्यात काही जात नाही. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्माशी बांधलेला नाही. इतर मागासवर्गाच्या राज्य यादीत मुस्लिम जातीही आहेत. अनुसूचित जातींचे मात्र वेगळे आहे. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० चा परिच्छेद ३ सांगतो की हिंदू, शीख किंवा बौद्ध यांहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. शीख १९५६ मध्ये आणि बौद्ध १९९० मध्ये त्यात आले. या परिच्छेदाच्या धास्तीने अनुसूचित जातीतले कितीतरी नास्तिक पालक मुलाच्या दाखल्यावर धर्म लिहून टाकतात. पुढे शिष्यवृत्ती अडली, जात पडताळणी अडली, तर जबाबदार कोण? त्यांची भीती रास्त आहे.

आमचे म्हणणे असे की, आदेशाचा मजकूर वाचला तर ही अडचण उरायला नको. तो ‘वेगळा धर्म मानणाऱ्या’ व्यक्तीला वगळतो. कोणताच धर्म न मानणारा माणूस वेगळा धर्म मानत नाही. शिवाय जात पडताळणी समिती अर्जदाराच्या श्रद्धेची परीक्षा घेत नाही. ती मुख्यतः वडील, आजोबा, पणजोबांचे जुने पुरावे पाहते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे. जातीची झळ माणसाला जन्माने बसते, देव मानणे सोडल्याने ती थांबत नाही. तेव्हा आजच्या मुलाच्या दाखल्यावर धर्म निरंक असला म्हणून पणजोबांच्या १९४० च्या नोंदीचे वजन कमी होण्याचे कारण नाही. सामाजिक न्याय विभागाने एवढा खुलासा एका परिपत्रकात केला, तरी हजारो घरांतली घालमेल संपेल. परिच्छेद ३ बदलणे संसदेच्या हातात आहे, हे आम्ही जाणतो. परिपत्रक काढणे आपल्या हातात आहे.

हाच पेच जनगणनेतही येतो. २०११ मध्ये प्रगणकांना स्पष्ट सूचना होती की अनुसूचित जातीची नोंद फक्त हिंदू, शीख आणि बौद्धांमध्येच करायची. म्हणजे दलित नास्तिकाने जात मोजून घ्यावी किंवा नास्तिकता, दोन्ही नाही. त्या वेळी सहा धर्मांना सांकेतिक क्रमांक होते, हिंदू १ ते जैन ६. बाकीच्यांनी नुसते नाव लिहायचे. देशभरात सुमारे २८.७ लाख माणसे ‘धर्म सांगितला नाही’ या ओळीत गेली. नास्तिक अशी नोंद सुमारे ३३ हजारांची झाली, आणि तीही ‘इतर धर्म आणि श्रद्धा’ या तपशिलात. देव न मानणाऱ्यांना श्रद्धांच्या यादीत बसवण्याची ही करामत कोणाच्या लक्षात आली नसावी.

१६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, आणि या वेळी सर्वांचीच जात नोंदवली जाणार आहे. प्रश्नावली केंद्राची असली तरी दारात उभा राहणारा प्रगणक राज्याचा असतो : शिक्षक, तलाठी, पालिकेचा कर्मचारी. तो ओळखीचा असतो, घाईत असतो, आणि घरातल्या कर्त्या माणसाला एकदाच विचारून साऱ्या घराचा धर्म भरतो. घरातली विशीतली मुलगी नास्तिक आहे हे त्या नोंदीत कुठेच येत नाही. प्रत्येक सज्ञान व्यक्तीचा धर्म वेगळा विचारावा आणि ‘नाही’ हे उत्तर जसेच्या तसे लिहावे, या दोन गोष्टी प्रगणकांच्या प्रशिक्षणात सरावासह घेतल्या, तर निम्मे काम होईल. वाचकांनाही सांगतो : भरलेली नोंद दाखवायला सांगा, आणि स्वतः माहिती भरण्याची सोय असेल तर ती वापरा.

लग्न

हिंदू विवाह कायदा, १९५५ मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नसलेल्या जवळपास प्रत्येकाला लागू होतो. हिंदू घरात जन्मलेला नास्तिकही त्यात आलाच. त्या कायद्याचे कलम ७ रूढीनुसार विधी मागते. विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा बजावले. याचा अर्थ फार थोड्या जोडप्यांना कळला आहे. हार घातले, पेढे वाटले, पालिकेत नोंदणी केली, झाले लग्न, असे समजणाऱ्यांच्या विवाहाला वीस वर्षांनी पेन्शनच्या किंवा वारसाच्या वादात कोणीही आव्हान देऊ शकतो. नोंदणीच्या अर्जावरही विवाह लावणाऱ्या पुरोहिताच्या सहीची जागा असतेच. मग कोणीतरी ओळखीच्या भटजींना तासाभरासाठी बोलावते, फोटो काढते, आणि संसाराची सुरुवात न पटलेल्या विधीने होते.

सरळ मार्ग विशेष विवाह कायदा, १९५४ चा आहे. तो आम्ही सर्वांना सुचवतो, पण त्यातले खाचखळगे आधी सांगून. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग ३० दिवस वास्तव्य हवे. नोटीस फलकावर लागते. पुढचे ३० दिवस हरकतीसाठी. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर सगळे पहिल्यापासून. विवाहाच्या वेळी तीन साक्षीदार. गडबड होते ती कलम ६(३) मुळे : कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फलकावरही लागते. मुलीच्या गावी ही बातमी पोचायला दुपार लागत नाही. तिथून दडपण, कोंडून ठेवणे, खोटी तक्रार. हरकतीची कारणे कायद्याने मोजकीच ठरवली आहेत : आधीचा जोडीदार हयात असणे, वय, मानसिक क्षमता, निषिद्ध नाते. आई-वडिलांची नापसंती त्यांत नाही. तरीही कोणी काका येऊन टेबलावर हात आपटतो आणि फाइल ‘चौकशीसाठी’ बाजूला पडते.

यावर तमिळनाडूने १९६७ मध्येच उत्तर शोधले. हिंदू विवाह कायद्यात राज्यापुरते कलम ७-अ घातले. नातेवाईक, मित्र किंवा इतर माणसांसमोर एकमेकांना समजणाऱ्या भाषेत ‘मी तुझा पती म्हणून किंवा पत्नी म्हणून स्वीकार करतो’ असे म्हणणे, किंवा हार अथवा अंगठी घालणे, किंवा ताली (तिकडचे मंगळसूत्र) बांधणे, यांपैकी काहीही पुरते. पुरोहिताची गरज नाही. विवाह हा विषय समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे राष्ट्रपतींच्या संमतीने महाराष्ट्रालाही अशी दुरुस्ती करता येते. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुरोहिताविना लग्न लावून दाखवले. फुले निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता मानत होते, नास्तिक नव्हते. पण मध्यस्थाशिवाय लग्न लागते हे त्यांनी सिद्ध केले. त्या महाराष्ट्राने याबाबत तमिळनाडूच्या इतके मागे राहावे, हे आम्हाला पटत नाही.

शाळा आणि कार्यालय

अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. प्रत्यक्षात पालक गप्प राहिले तर संमती धरली जाते. नकार द्यायचा तर मुलाला पटांगणात वेगळे उभे करतात, म्हणजे संमती न दिल्याची शिक्षा त्याला रोज सर्वांसमोर मिळते. शिक्षकांचेही तेच. नाशिकमधल्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि हात जोडायची सक्ती मूलभूत हक्कांचा भंग आहे असे सांगितले. परिपाठात संविधानाची उद्देशिका आहे, राष्ट्रगीत आहे. तेवढ्यावर परिपाठ पूर्ण होतो.

कार्यालयातल्या सत्यनारायणाबद्दल थोडक्यात. पूजा कोणी घरी करावी, आमचे काही म्हणणे नाही. पण वरिष्ठांचे नाव आधी टाकून टेबलाटेबलांवर फिरणारी वर्गणीची यादी ऐच्छिक नसते, हे नोकरी केलेला प्रत्येक जण जाणतो.

साक्ष

शपथ अधिनियम, १९६९ चे कलम ५ साक्षीदाराला देवाच्या नावाऐवजी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू देते. खोटे बोलल्याची शिक्षा दोन्हीकडे तीच, सात वर्षांपर्यंत. (गीतेवर हात ठेवण्याचा प्रकार सिनेमातला, कायद्यात तो नाही.) तरी शिपाई सवयीने देवाची शपथ म्हणायला लावतो, साक्षीदार अडखळतो, आणि समोरच्या वकिलाला उलटतपासणीत ‘देवही मानत नाही’ हा मुद्दा फुकट मिळतो. पिंजऱ्यात चढण्याआधीच ‘प्रतिज्ञेवर साक्ष देतो’ असे सांगावे. समन्सवर हे दोन्ही पर्याय छापले, तर सांगायची वेळही येणार नाही.

बोलणे

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोळ्या झाडल्या. दाभोलकरांच्या खुनानंतर आलेला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा देव मानण्या-न मानण्याबद्दल काहीच म्हणत नाही. वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांना तर त्यात स्पष्ट सूट आहे. तरीही ‘कायदा झाला, आता काय हवे?’ असे आम्हाला ऐकवले जाते.

आम्हाला हवी आहे ती पोलीस ठाण्यातली शिस्त. धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ (पूर्वीचे २९५-अ), हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेल्या अपमानासाठी आहे. ‘देव नाही’ हे विधान त्यात बसत नाही. या गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत असल्याने नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भाषणाशी संबंधित गुन्ह्यांत हाच मार्ग सुचवला, आणि त्या खंडपीठातही न्या. ओक होते. पुढे न्यायालयाने दखल घ्यायची तर कलम २१७ खाली शासनाची मंजुरी लागते. म्हणजे चाळणी आपल्याच हातात आहे. पण गुन्हा आधी दाखल होतो, माणूस अटकेच्या भीतीने महिनाभर घर सोडतो, आणि मंजुरीचा प्रश्न पुढे कधीतरी येतो. सभा होऊ नये असे वाटणाऱ्यांना एवढे पुरते.

गावात तर गुन्ह्याचीही गरज पडत नाही. जत्रेची वर्गणी नाकारली, वडिलांचे दहावे-तेरावे केले नाही, की घर वाळीत. यासाठी महाराष्ट्राकडे देशातला पहिला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे : २०१६ चा, २०१७ पासून अंमलात, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो केवळ जातपंचायतींसाठी आहे असा ठाण्यांचा समज आहे. देवधर्म न केल्याबद्दल टाकलेला बहिष्कारही त्यात येतो, हे त्यांना लेखी कळवायला हवे.

आमच्या मागण्या

१. २०१४ च्या निकालाचा हवाला देऊन सामान्य प्रशासन विभागाने शासन निर्णय काढावा : राज्याच्या प्रत्येक अर्जात आणि संगणक प्रणालीत धर्माचा रकाना ऐच्छिक राहील, ‘धर्म नाही’ हा पर्याय यादीत असेल, आणि कर्मचारी आडनावावरून रकाना भरणार नाही.

२. जनरल रजिस्टरातली धर्माची नोंद पालकाच्या किंवा सज्ञान विद्यार्थ्याच्या साध्या अर्जावर दुरुस्त करून मिळावी.

३. धर्म निरंक असल्याच्या कारणावरून जात प्रमाणपत्र किंवा पडताळणी नाकारता येणार नाही, असा खुलासा सामाजिक न्याय विभागाने करावा. आणि परिच्छेद ३ मध्ये ‘धर्म न मानणारे’ यांचा स्पष्ट उल्लेख व्हावा अशी शिफारस केंद्राकडे पाठवावी.

४. प्रगणकांच्या प्रशिक्षणात वर सांगितलेल्या दोन सूचना घालाव्यात, आणि ‘धर्म नाही’ला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक देण्याची विनंती जनगणना महानिबंधकांना करावी.

५. हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ च्या धर्तीवर राज्य दुरुस्तीचे विधेयक आणावे. तोपर्यंत विशेष विवाहाच्या नोटिशीवर त्या कायद्याच्या कलम ४ मधल्या कारणांबाहेरची हरकत त्याच दिवशी लेखी फेटाळावी.

६. शाळांनी उपासनेसाठी लेखी संमती आधी घ्यावी. न दिलेली संमती म्हणजे नकार धरावा.

७. कलम २९९ च्या तक्रारींत प्राथमिक चौकशी हा नियम करावा, आणि सामाजिक बहिष्कार कायद्याबाबत सर्व ठाण्यांना सूचना द्यावी.

८. देहदानाची इच्छा लेखी नोंदवलेल्या व्यक्तीच्या बाबतीत वैद्यकीय महाविद्यालयांनी चोवीस तास फोन उचलावा. नेत्रदानाला सहा तासांची मर्यादा असते, घरी मृत्यू झाल्यास डॉक्टरकडून नमुना ४-अ चा, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला आणायचा असतो. एवढ्यात फोन लागला नाही की जमलेले नातेवाईक तिरडी बांधायला घेतात आणि गेलेल्या माणसाचे लेखी म्हणणे बाजूला राहते.

पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या मागणीला विधिमंडळाची गरज नाही. खुलासा, परिपत्रक आणि सही पुरते. तिन्हींबाबत निर्णय काय झाला, किंवा का झाला नाही, हे साठ दिवसांत लेखी कळवावे. उत्तर आम्ही जसेच्या तसे प्रसिद्ध करू.

आपले,
महाराष्ट्रातील काही निरीश्वरवादी नागरिक